केबिन रोडवरची बोलणी

केबिन रोडवरच्या कौन्सेलर निशिगंधाने मेल्रॉयजवळ निरोप दिला होता, घरच्यांपैकी ज्यांना यावंसं वाटेल त्यांनी या. म्हणून सगळे आले.

तिला बहुतेक आईबाप अपेक्षित असावेत. पण चौक गावात आईबाप कधी एकटे बोलणीला जात नाहीत. लग्नाची बोलणी असोत की कुंपणाच्या भांडणाची, बोलायला घरातलं एक मोठं माणूस लागतं, त्याला मान डोलवायला दुसरं लागतं, गाडी चालवायला कोणी तरी लागतं, आणि एक बाई नुसती बसायला लागते. नुसती बसणारी बाई म्हणजे टेरेझा. आयुष्यभर ती हेच करत आली. स्वतःच्या लग्नाच्या बोलणीतसुद्धा ती नुसती बसली होती.

टेरेझाच्या थोरल्या पोराने, नेल्सनने, टेम्पो कालच धुऊन काढला होता. वर ताडपत्री, खाली सतरंजी. तरी आठवडाभर ज्यातून मासळी जाते त्याचा वास साबणाने थोडाच जातो. मिसाचे कपडे घालून सगळे मागे बसले. पुढे फिलोमिना, कारण ती मोठी. टेरेझाच्या नवऱ्याची, कॅजिटनची, थोरली बहीण आणि मेल्रॉयची गॉडमदर. नवरा गेल्यापासून तिने भावाच्या घराची सूत्रं हातात घेतली होती, आणि ती परत मागायची कोणाची छाती झाली नव्हती.

विषय एकच होता. मेल्रॉय, टेरेझाचा धाकटा, नऊ वर्षं सेमिनरीत होता. फादर व्हायला एक वर्ष उरलं होतं. चौकमधल्या अर्ध्या बायकांनी त्या दिवशी नेसायच्या साड्यासुद्धा ठरवल्या होत्या. आणि फेब्रुवारीत तो बॅग घेऊन घरी आला. मला थोडा वेळ पाहिजे, म्हणाला. सेमिनरीच्या मुख्य फादरने रजा दिली, कोणाशी तरी मोकळं बोल असंही सांगितलं. मेल्रॉयने केबिन रोडवरची ही बाई शोधली आणि दर गुरुवारी तिच्याकडे जायला लागला. मागच्या आठवड्यात जेवताना म्हणाला, "मला न्हाय वाटत मी परत जाईन."

आज संध्याकाळी मुख्य फादरचा फोन येणार होता. हो की नाही, एवढंच विचारायला.

घरात सगळ्यांचं एकमत झालं की बाईने पोराचं डोकं फिरवलंय. फिरवलं तिनेच, तर सरळही तिनेच करायचं.

क्रिस्टल, नेल्सनची बायको, भाईंदरला एका दवाखान्यात रिसेप्शनवर होती, म्हणून घरात औषधपाण्यातलं तिला कळतं असं धरलेलं होतं. टेम्पोत टेरेझाने तिला हळूच विचारलं, "ही बाई नक्की करते काय?"

"ऐकते, मम्मी."

"नुसती ऐकते? सांगत काय न्हाय?"

"न्हाय. ती सल्ला देत न्हाय. माणसाला त्याचं त्यालाच कळतं, फक्त कोणी नीट ऐकलं पाहिजे, असं काय तरी हाय ते."

कॅजिटन समोर बसून ऐकत होता. "ऐकायला आपण काय बहिरे हाव?"

मेल्रॉय ताडपत्रीच्या फटीतून बाहेर बघत होता.

केबिन रोडला रविवारी सायकल लावायला जागा नसते, टेम्पो कुठला लागायला. मॅचिंगच्या दुकानाचा मालक बाहेर आला. "अंकल, दुकान के सामने मत लगाओ, रविवार को धंदा है हमारा."

"उपर काम है, भाय," नेल्सन म्हणाला. "घर का मॅटर है."

मालकाने सगळ्यांकडे बघितलं. फिलोमिनाची सोन्याची माळ, कॅजिटनचा कोट. "शादी का है क्या?"

"उल्टा," नेल्सन म्हणाला.

वर एक खोली. टेबल नाही, पांढरा कोट नाही, भिंतीवर मेंदूचं चित्र नाही. नुसत्या खुर्च्या. निशिगंधा साधारण क्रिस्टलपेक्षा थोडी मोठी असेल, सुती कुर्ता, केस वर बांधलेले. एवढी माणसं बघून ती एक क्षण थांबली, मग शेजारच्या बंद असलेल्या क्लासमधून आणखी खुर्च्या घेऊन आली. लिहायची फळी असलेल्या. कॅजिटन एका खुर्चीत शिरला आणि फळी पोटावर अडकली.

तेवढ्यात फिलोमिनाने खोलीतली सगळ्यात बरी खुर्ची बघून ती पकडली. गादी होती, हात होते.

"आंटी, ती त्यांची हाय," मेल्रॉय म्हणाला.

"असू दे," निशिगंधा म्हणाली आणि स्वतः स्टुलावर बसली. टेरेझाला ते विचित्र वाटलं. शिकलेलं माणूस आपली खुर्ची अशी सोडतं का? सोडलीच तर चेहऱ्यावर काही तरी दिसतं. हिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. म्हणजे राग नव्हता आणि मोठेपणाही नव्हता.

फिलोमिनाने घसा साफ केला. "बोलू काय?"

"बोला," कॅजिटन, नेल्सन आणि क्रिस्टल एकदम म्हणाले. बोलणी अशीच सुरू होतात. टेरेझाचे ओठही हलले, सवयीने.

निशिगंधा गोंधळली. "हो, बोला ना."

"मॅडम, आमचं घर चौकातलं जुनं घर. आमच्यात शब्दाला किंमत हाय. हे पोर तीन महिन्यांचं होतं तवा त्याला न्युमोनिया झाला. त्याच्या मम्मीने वेलंकनी माउलीला नवस बोलला, हे वाचलं तर तुझ्या सेवेला देईन. वाचलं. तर आता त्याने जायला पाहिजे. तुम्ही त्याला काय बोललात ते आमाला माहीत न्हाय, पण ते परत घ्या. आज संध्याकाळी फादरचा फोन येणार हाय. बस, एवढंच."

फिलोमिना मागे टेकली. तिच्या हिशोबाने बोलणी संपली होती, आता फक्त समोरच्याने होकार द्यायचा होता.

"मेल्रॉय माझ्याशी काय बोलला ते मी नाही सांगू शकत," निशिगंधा म्हणाली. "ते त्याचं आहे. मी त्याला जा किंवा नको जाऊस, दोन्ही सांगितलेलं नाहीये. पण तुम्हाला भीती वाटतेय की घराने दिलेला शब्द मोडेल."

"भीती न्हाय. मी सांगते हाय तुमाला."

"हं. तुम्ही सांगताय."

फिलोमिनाने कॅजिटनकडे बघितलं. ही काय भानगड, असं.

"आणि तुम्ही, कॅजिटनभाऊ? तुमचं काय?"

"माझं तेच. बायने सांगितलं ते."

"त्यांनी घराचं सांगितलं. मी तुमचं विचारतेय."

कॅजिटनला असं कोणी विचारलेलं नव्हतं. त्याने फळी वर करायचा प्रयत्न केला, ती निघाली नाही. "माझं काय असणार? गावात सगळ्यांना सांगून ठेवलंय मी. बंदरावर गेलो की फादरचा बाप म्हणतात. कालपासून मी बंदरावर गेलो न्हाय. झालं?"

"बंदरावर जायला जड जातंय."

"तेच तर बोललो."

"ही पोपटासारखी परत तेच बोलते," फिलोमिना क्रिस्टलच्या कानात म्हणाली. कानात म्हणजे खालच्या दुकानात ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

नेल्सन हसला. मग निशिगंधाने त्याच्याकडे बघितलं, तसं त्याचं हसू गेलं.

"मला विचारू नका," तो म्हणाला. "मी गाडी चालवायला आलोय."

ती थांबली. नुसती थांबली. पंखा फिरत होता, खाली कोणी तरी फॉलच्या रंगावरून घासाघीस करत होतं. टेरेझाला वाटलं आता कोणी तरी काही तरी बोलावं. तिच्या माहितीत एवढी शांतता मिसाला असते नाही तर मयताला.

"मला कोणी कधी विचारलं पन न्हाय," नेल्सन अचानक म्हणाला.

"तुम्हाला कोणी विचारलं नाही."

"न्हाय ना! ह्याला देवाला दिला, मला बोटीला दिला. नववीत होतो मी. पप्पा बोलले, उद्यापासून जाळं धर. ह्याचा अभ्यास हाय, आवाज करू नको. ह्याला पुढची खोली. मी आजपन मागे झोपतो, क्रिस्टलला घेऊन. हा घरी यायचा त्या दिवशी मम्मी मोठं पापलेट काढायची. मी आणलेलं!" त्याचा आवाज चढला होता. मेल्रॉय त्याच्याकडे बघत होता. "आणि आता हा बोलतो जायचं न्हाय. मग मी कशाला एवढं केलं? मला सांगा, मी कशाला केलं?"

"नेल्सन!" कॅजिटन म्हणाला. "इथे बाहेरच्यासमोर…"

"बोलू द्या पप्पा," क्रिस्टल म्हणाली. तिने सासऱ्याला असं पहिल्यांदाच मधे तोडलं. सकाळी ती ह्याच सासऱ्याच्या बाजूने होती. मेल्रॉयला समजवायलाच पाहिजे म्हणत होती. आता तिने खुर्ची नेल्सनच्या जवळ सरकवली.

फिलोमिना उठायला निघाली. "चला. ही बाई घर फोडते हाय."

"आंटी, बस," मेल्रॉय म्हणाला. "मला बोलायचंय. नेल्सन बरोबर बोलतोय. मला मोठं पापलेट का मिळायचं? मी फादर होणार म्हणून. पुढची खोली पन त्याच्यासाठीच. गावात लोक मला नमस्कार करतात, मी सतरा वर्षांचा होतो तेव्हापासून. मी फादर नसलो, नुसता मेल्रॉय असलो, तर ह्या घरात माझं काय काम हाय ते मला माहीत न्हाय. खरंच माहीत न्हाय. मी प्रार्थनेला गुडघे टेकले की मला वाटतं मी मम्मीचं काम करतोय."

"देवाचं म्हण," फिलोमिना म्हणाली.

"न्हाय आंटी. मम्मीचं."

मग सगळे टेरेझाकडे बघायला लागले.

तिला सवय नव्हती. बोलणीत तिच्याकडे लोक बघतात ते चहा कधी येतोय एवढ्यासाठी.

"टेरेझाताई?" निशिगंधा म्हणाली.

"तिला लय लागलंय," फिलोमिना म्हणाली. "जेवत न्हाय चार दिवस."

"ती आई हाय, तिला वाटणारच," कॅजिटन म्हणाला.

"मम्मीला लोक काय बोलतील त्याचं टेन्शन हाय," नेल्सन म्हणाला.

"मला त्यांच्याकडून ऐकायचंय," निशिगंधा म्हणाली. "बोलावंसं वाटलं तर. नाही वाटलं तरी चालेल."

नाही वाटलं तरी चालेल. टेरेझाने हे मनात दोनदा फिरवून बघितलं. कन्फेशनला बसलं की बोलावं लागतं. डॉक्टरकडे सांगावं लागतं. घरात गप्प बसावं लागतं. इथे दोन्ही चालतं. मग माणसाने करायचं काय?

बाई स्टुलावर तशीच बसली होती. घाई नव्हती तिला. ती टेरेझाकडून काही घ्यायला बसलेली दिसत नव्हती.

"मला राग आलाय," टेरेझा म्हणाली.

सगळ्यांना वाटलं बाईवर. निशिगंधालासुद्धा वाटलं असेल, पण ती फक्त म्हणाली, "राग आलाय तुम्हाला."

"हो आलाय. ह्याच्यावर." तिने मेल्रॉयकडे बोट केलं. "एक वर्ष राहिलं होतं रे. एक वर्ष काढायचं होतं. मी देवळात पहिल्या बाकावर बसते, फादरची आई म्हणून. मला आवडतं तिथे बसायला. खोटं कशाला बोलू? आता मला मागे बसायला लागेल आणि सगळ्या वळून बघतील. मला पाहिजे की तू जावंस. हे सगळे मला काय वाटतं ते सांगतात, पन खरं हे हाय. मला पाहिजे."

मेल्रॉयने मान खाली घातली. फिलोमिनाने विजयाने निशिगंधाकडे बघितलं. कॅजिटनने तर हातही जोडले, सुटलो म्हणून.

पण टेरेझाचं संपलं नव्हतं. एकदा तोंड उघडल्यावर ते बंद कसं करायचं हे तिला कोणी शिकवलेलं नव्हतं.

"त्या टायमाला तो निळा पडला होता. डॉक्टर बोलला, आता देवाच्या हातात. हे बोटीवर होते. फिलूबाय, तू पन न्हवतीस, तू वसईला होतीस. मी एकटी. माउलीला द्यायला माझ्याजवळ काय न्हवतं. काय देणार? मेणबत्ती देऊन काय पोर वाचतंय? म्हणून मी त्यालाच दिला." ती थांबली. "त्याला वाचवायला त्यालाच दिला मी."

कॅजिटनने जोडलेले हात खाली घेतले.

"बोलले मी," टेरेझा हळू म्हणाली, जसं कोणी दुसऱ्याबद्दल सांगतंय. "फेडतोय तो. तीन महिन्यांचा होता. त्याला मी विचारलं पन न्हाय, विचारणार कशी. पन नंतर तरी?" तिने निशिगंधाकडे बघितलं. "हे बरोबर न्हाय ना, बाय? सांग."

"तुम्हाला काय वाटतंय?"

टेरेझा भडकली. "मी तुला विचारते तर तू मलाच परत विचारतेस! शिकलेली हायस ना? सांग की!"

निशिगंधाच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा काही तरी हललं. "मलाही कधी कधी सांगून टाकावंसं वाटतं, ताई. आत्ता वाटलं. पण मी सांगितलं तर परत दुसऱ्याचंच होईल ते."

टेरेझाला वाद घालायचा होता. मुद्दा सापडला नाही. मग ती मेल्रॉयकडे वळली आणि त्याच्याशी भाजीचा भाव सांगावा तशी बोलली, "नवस माझा हाय. त्याचं काय करायचं ते मी बघीन. तू तुझं बघ."

"पन मम्मी, तुला पाहिजे की मी जावं."

"हो, पाहिजे. ते माझं पाहिजे हाय."

मेल्रॉय रडेल असं क्रिस्टलला वाटलं असावं, तिने रुमाल काढून ठेवला. तो रडला नाही. तो घाबरलेला दिसत होता. इतके दिवस तो भांडायची तयारी करत होता आणि समोरचं माणूसच बाजूला झालं होतं.

फिलोमिनाला हे सहन होणं शक्य नव्हतं. "मग ठरलं काय?"

"इथे ठरवायचं नव्हतं काही," निशिगंधा म्हणाली.

"एवढा वेळ बसून?"

"एवढा वेळ बसून."

खाली आले तर टेम्पोच्या काचेवर मालकाने पुठ्ठा लावला होता, हिंदीत शिवीच्या अलीकडचं काही तरी लिहिलेलं. नेल्सनने तो काढून सीटखाली टाकला. पूल ओलांडून टेम्पो पश्चिमेला आला. उत्तनचा चढ लागला तेव्हा कॅजिटन म्हणाला, "बाई चांगली हाय. पन कामाची न्हाय."

संध्याकाळी सगळे पुढच्या खोलीत बसले होते. घरी जायचं कोणाच्या मनात नव्हतं, ज्यांचं हेच घर होतं त्यांचा प्रश्न नव्हता, पण फिलोमिना स्वतःचं घर दोन गल्ल्या पुढे असून पाय वर घेऊन बसली होती. नेल्सन दारात उभा. मेल्रॉय खिडकीपाशी. क्रिस्टलने चहा केला, कोणी घेतला नाही.

फोन टेरेझाच्या मोबाइलवर वाजला. सेमिनरीत आईचा नंबर दिलेला होता. नऊ वर्षं मुख्य फादर काही विचारायचं असलं की तिलाच विचारत, आणि ती फोन फिलोमिनाकडे देत असे. फिलोमिनाने हात पुढे केला. नुसता सवयीने.

टेरेझाने फोन उचलला. "हो फादर. गुड इव्हिनिंग." पलीकडून काही तरी विचारलं गेलं. कॅजिटन उठून उभा राहिला.

"तो हाय इथेच," टेरेझा म्हणाली. "त्यालाच विचारा." आणि तिने फोन मेल्रॉयच्या हातात दिला.

मेल्रॉय फोन घेऊन आतल्या खोलीत गेला. त्या खोलीला दार नाही, पडदा आहे.

"स्पीकरवर टाक म्हणावं!" फिलोमिना उठली.

टेरेझा तिच्या आधी पोचली. पडद्यासमोर उभी राहिली, दोन्ही हात चौकटीला लावून.

"सरक, टेरेझा."

"न्हाय, बाय. आत त्याचं बोलणं चाललंय."

"मी गॉडमदर हाय त्याची!"

"हायस ना. मग बस तिकडे."

फिलोमिनाने भावाकडे बघितलं. कॅजिटनने बायकोकडे बघितलं, बहिणीकडे बघितलं, आणि खाली बसला. नेल्सन दारातून आत आला आणि आईच्या बाजूला भिंतीला टेकून उभा राहिला. तो का आला हे त्याने सांगितलं नाही, त्यालाही सांगता आलं नसतं.

"आणि माउली?" फिलोमिनाचा आवाज उतरला होता. "माउलीला काय सांगशील?"

"माउलीशी मी बोलीन. तिने मला कधी तुझ्यामार्फत यायला सांगितलेलं न्हाय."

पडद्याला कान लावायची गरजच नव्हती. घर लहान. आत बराच वेळ मेल्रॉय नुसता हं हं करत होता. मग थांबला. मग त्याचा आवाज आला, आधी इंग्रजीत अडखळत, आणि मग एकदम साफ, घरातला.

"न्हाय फादर. मी येत न्हाय. न्हाय, मम्मी न्हाय बोलली. मी बोलतोय."

कॅजिटनने डोकं हातात धरलं. फिलोमिनाने क्रॉस केला. टेरेझाला पुन्हा राग आला, सकाळपेक्षा जास्त. वाटलं आत जावं, फोन ओढून घ्यावा, फादरना सांगावं की पोर आहे, त्याचं काय ऐकता, उद्या येईल.

आत मेल्रॉय अजून बोलत होता. तिने चौकट आणखी घट्ट धरली आणि तो संपवेपर्यंत तिथून हलली नाही.